अवतरण्यापूर्वीचे विश्व

जे अद्याप कोणी पाहिलेले नाही त्याचे परीक्षण करता येते काय? ग्रंथांच्या बाबतीत हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. ग्रंथ छापून येतो, समीक्षकाच्या टेबलावर पडतो आणि मग त्याविषयी बरेवाईट बोलावयाचे असते. प्रकाशकाची जाहिरात हा समीक्षेचा विषय नव्हे, असा आपला जुना संकेत आहे आणि तो योग्यच आहे. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्या घराघरांत असा एक कलाप्रकार शिरला आहे की, ज्याच्या आयुष्यातील सर्वांत गाजावाजाचा काळ त्याच्या जन्मापूर्वीच संपून जातो. आम्ही व्हिडिओ गेमविषयी बोलत आहोत; आणि त्यांतही ज्यांस 'ओपन वर्ल्ड' म्हणतात त्या खेळांविषयी. खेळाडूने एक भूमिका घ्यावयाची, एका विस्तीर्ण कल्पित प्रदेशात उतरावयाचे, आणि कोणत्या दिशेस जावे, कोणास साह्य करावे, कोणाशी वैर धरावे, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे, असे ह्या खेळांचे सामान्य स्वरूप असते.

हा विषय पोराटोरांचा आहे, असे काही वाचक म्हणतील. त्यांस आमची एवढीच विनंती की, आपल्या कचेरीतील तिशी-चाळिशीच्या सहकाऱ्यांस त्यांनी एकदा खाजगीत विचारून पाहावे. रजेचा अर्ज लग्नकार्याच्या निमित्ताने येतो तसा तो एखाद्या खेळाच्या प्रकाशनाच्या तारखेस धरूनही येतो. कारणाच्या रकान्यात मात्र 'घरगुती काम' असे लिहिलेले असते.

वाट पाहणे आपल्या वाङ्मयास नवे नाही. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' पत्रातून क्रमशः येत होती, तेव्हा पुढच्या अंकासाठी वाचक किती उतावीळ होत असतील ह्याची कल्पना आपण करू शकतो. पण त्या वाचकाच्या हाती मागचे प्रकरण होते. यमूस तो ओळखत होता. तिचे पुढे काय होणार, एवढेच त्यास ठाऊक नव्हते. आजच्या खेळाडूची अवस्था ह्याहून निराळी आहे. त्याच्या हाती प्रकरण नसते. असतो तो एक-दोन मिनिटांचा ट्रेलर, आणि कित्येकदा तेवढाही नसतो. 'द एल्डर स्क्रोल्स' ह्या विख्यात मालिकेच्या सहाव्या भागाची घोषणा जून २०१८ मध्ये झाली. तिच्यात काही डोंगर, एक किनारा आणि मालिकेचे नाव ह्यांपलीकडे काहीही नव्हते. सारा ऐवज अर्ध्या मिनिटाहून थोडा अधिक. त्यानंतर सात वर्षे उलटली तरी खेळाची तारीखदेखील जाहीर झालेली नव्हती. कचेरीच्या भाषेत बोलावयाचे तर ही 'तत्त्वतः मान्यता' होय. तत्त्वतः मान्यतेवर इमारत उभी राहात नाही, हे आपणांस कोणी शिकवावयास नको. तरी त्या डोंगरांकडे पाहून हजारो माणसांनी आपापल्या मनात नगरे वसविली.

ही नगरे वसविण्याची क्रिया काय आहे, ह्याचा उलगडा आम्हांस जवळच सापडला. हे लिहीत आहोत ते रसमड्याहून. दुर्गहून राजनांदगावकडे निघालेल्या गाडीस लागणारे हे स्टेशन. आणि त्याच राजनांदगावात, दिग्विजय महाविद्यालयात, गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून अखेरच्या आजारापर्यंत शिकवीत होते. घरी मराठी बोलणारा आणि हिंदीत लिहिणारा हा कवी, शरच्चंद्र मुक्तिबोधांचा थोरला भाऊ, आपल्या ह्या प्रांती आलेल्या मराठी माणसांस परका असू नये. 'एक साहित्यिक की डायरी' हे त्यांचे पुस्तक १९६४ साली, म्हणजे त्यांच्या निधनाच्याच वर्षी निघाले. त्यात कलेच्या तीन क्षणांचा जो विचार आहे तो थोडक्यात असा : पहिला क्षण जीवनातील उत्कट अनुभवाचा; दुसरा क्षण तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटून डोळ्यांपुढे एक स्वप्नचित्र होऊन उभा राहण्याचा; आणि तिसरा ते स्वप्नचित्र शब्दांत उतरू लागण्याचा व पूर्ण होण्याचा. तिसऱ्या क्षणी ते चित्र जसेच्या तसे राहात नाही. शब्द त्यास अडवितात, वळवितात, बदलून टाकतात. खरा कलावंत ह्या बदलास भीत नाही.

आम्हांस वाटते की, वाट पाहणारा खेळाडू दुसऱ्या क्षणी मुक्काम ठोकून बसलेला असतो. ट्रेलर त्यास स्वप्नचित्र पुरवितो, किंवा खरे म्हणजे स्वप्नचित्राची चौकट पुरवितो. रंग तो स्वतःच भरतो. तिसरा क्षण मात्र दुसऱ्या कोणाच्या हाती असतो. दूर देशी शेकडो माणसे रात्री जागून तो घडवीत असतात. खेळ हाती येतो तेव्हा खेळाडू त्याची तुलना खेळाशी नव्हे, आपल्याच चित्राशी करतो. ह्यात खेळावर अन्याय होतो, हे खरे. परंतु ते चित्र रंगविण्याचे निमंत्रण देणारा निर्माताच होता, हेही तितकेच खरे.

निमंत्रण किती महाग पडते ह्याचे उदाहरण 'सायबरपंक २०७७' हे आहे. वॉर्सॉच्या सीडी प्रोजेक्ट रेड ह्या संस्थेने हा खेळ २०१२ साली जाहीर केला. २०२० मध्ये त्याची तारीख एप्रिलवरून सप्टेंबर, सप्टेंबरवरून नोव्हेंबर आणि नोव्हेंबरवरून १० डिसेंबर अशी सरकत गेली. (मुदतवाढीचे प्रस्ताव लिहिण्यात ज्यांची हयात गेली त्यांसही हे थोडे अधिकच वाटावे.) प्रकाशनापूर्वी ८० लाख प्रती विकल्या गेल्या होत्या. समीक्षकांस आधी मिळाली ती शक्तिमान संगणकांवर चालणारी आवृत्ती. तिच्या आधारे स्तुतिपर परीक्षणे निघाली. ज्यांनी आपल्या जुन्या प्लेस्टेशनवर खेळ लावला त्यांस मात्र अडखळणारी चित्रे आणि हवेत लटकणारी माणसे दिसली. आठवडाभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून घेतला, पैसे परत देऊ केले, आणि जून २०२१ पर्यंत तो तेथे पुन्हा आला नाही. पुढे त्याच संस्थेने दुरुस्त्या केल्या आणि सप्टेंबर २०२३ मधील सुधारित आवृत्तीने पुष्कळांचे समाधान केले, हे न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु आमच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न निराळा आहे. आठ वर्षे ज्या खेळाविषयी लिहिले गेले त्याविषयी कोणी काय विचारले? शहर किती मोठे आहे, इमारती किती उंच आहेत, मोटारी किती आहेत. त्या शहरातील माणूस नायक पाठमोरा झाल्यावर काय करतो, हे फारच थोड्यांनी विचारले.

आमचे म्हणणे येथेच आहे. ह्या प्रकारच्या खेळास 'खुले विश्व' म्हणतात. पण खुलेपणा क्षेत्रफळात मोजण्याची खोड आरंभापासून लागली आहे. 'एल्डर स्क्रोल्स' मालिकेतीलच 'डॅगरफॉल' (१९९६) ह्या खेळाचा प्रदेश एखाद्या खऱ्या देशाशी तुलना करावी एवढा अफाट होता. गावे हजारोंनी होती. पण ती यंत्राने नियमाबरहुकूम पाडलेली, साच्यातून विटा काढाव्यात तशी. एका गावातून दुसऱ्या गावात गेल्यावर आपण कोठे आलो हे नकाशाखेरीज कळू नये! त्याच्या आठ वर्षे आधी आलेल्या 'अल्टिमा ५' ह्या खेळाचे चित्र आज अगदी बाळबोध दिसते. पण त्यातील दुकानदार सकाळी दुकानात जातो, दुपारी जेवतो, रात्री घरी जाऊन निजतो. खेळाडू तेथे असो वा नसो. आमच्या मते खुले विश्व ह्यास म्हणावे.

हेच वचन 'ऑब्लिव्हिअन' ह्या खेळाने २००५ साली, प्रकाशनाच्या आदल्या वर्षी, दिले होते. प्रदर्शनात दाखविलेल्या दृश्यात दुकानातील एक बाई वाचते, धनुष्याचा सराव करते, भुंकणाऱ्या कुत्र्यावर चिडते, आणि हे सारे तिने आपल्या मनाने केले आहे असे सांगितले गेले. खेळ आला तेव्हा माणसांस दिनक्रम होता, पण तो फार विरळ. हे वचन मोडले गेले म्हणून आम्ही दोष देत नाही. उलट, आधी दिलेल्या सगळ्या वचनांत लक्षात ठेवण्याजोगे तेच होते; बाकीच्यांनी डोंगर दाखविले.

मुंबईकडे जाणाऱ्या गाडीतील उतारूस रसमडा म्हणजे काय? एक पिवळी पाटी, काही कारखान्यांची धुरांडी, फाटकापाशी थांबलेली सायकल. अर्ध्या मिनिटात ते मागे पडते. फाटकापाशी थांबलेल्या माणसास मात्र पाळीवर वेळेत पोहोचावयाचे असते, आणि त्याच्या दृष्टीने ती गाडी हाच एक देखावा असतो. बहुतेक खुल्या विश्वांत खेळाडू हा जन्मभर त्या गाडीतला उतारू राहतो. घोड्यावरून, मोटारीतून तो हजार रसमडे ओलांडतो आणि त्यांपैकी एकातही उतरत नाही, कारण उतरून करण्यासारखे तेथे कोणी काही ठेवलेलेच नसते.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे वळू. २०२० साली मुंबईच्या गेमिऑन स्टुडिओज ह्या संस्थेने 'मुंबई गलीज' नावाच्या खेळाची घोषणा केली. काटेकोर अर्थाने हा भूमिकाप्रधान खेळ नसून साहसाचा आहे; पण खेळाडूस मोकळे सोडण्यासाठी जे विश्व घडवावयाचे ते मुंबईच्या धर्तीचे असणार, एवढ्या एका गोष्टीने त्याने अनेकांचे लक्ष वेधले. घोषणेस चार वर्षे होऊन गेली तरी पूर्ण खेळ लोकांच्या हाती आलेला नव्हता. संस्था लहान आहे आणि असल्या कामास लागणारा पैसा व माणसे अफाट असतात, हे पाहता उशिराविषयी कुरकुर करणे आम्हांस रुचत नाही.

ज्यांची बदली महाराष्ट्राबाहेर झाली आहे त्यांच्या दृष्टीने ह्या खेळाची अपेक्षा ही निव्वळ करमणुकीची अपेक्षा नव्हे. बदलीच्या हुकुमाची वाट पाहता पाहता आपणही मनात एक मुंबई बांधीत असतो. तिच्यात दादरचा पूल असतो, फुलांचा बाजार असतो, पावसात तुंबलेले हिंदमाता असते. गर्दीत लागलेला कोपर मात्र नसतो. हा दुसरा क्षणच. आणि म्हणूनच ह्या खेळाविषयी आम्ही अधिक सावध आहोत.

मुंबई पूर्वी खेळात आलेली आहे. डेन्मार्कच्या आयओ इंटरॅक्टिव्हने २०१८ साली 'हिटमॅन २' मध्ये मुंबईचा एक भाग उभा केला. तो खुला प्रदेश नव्हे, एक बंदिस्त वस्ती होय. पण गर्दी, धोबी, चित्रपटाचे चित्रीकरण हे सारे बारकाईने रचलेले आहे, आणि तेथील माणसांस आपापली कामे आहेत. ती माणसे बोलतात मात्र इंग्रजी, हिंदुस्थानी धाटणीचे. परदेशी संस्थेस ह्याबद्दल बोल लावणे फुकट आहे. पण आपल्या पुण्यात, नॉडिंग हेड्स गेम्स ह्या संस्थेत घडलेल्या 'राजी' (२०२०) ह्या देखण्या खेळाचे काय? त्यातील वास्तू राजस्थानी आहे, चित्रे पहाडी शैलीची आहेत, कथेत दुर्गा व विष्णू आहेत. निवेदन मूळ इंग्रजीत होते आणि २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आले. पुण्याचा मागमूस त्यात नाही. कलावंताने आपल्याच गल्लीवर लिहावे असा नियम नाही, हे आम्ही मान्य करतो. तरीही मनाला ते लागते.

उलट उदाहरण पोलंडचे आहे. 'सायबरपंक'च्या त्याच निर्मात्यांनी २०१५ साली 'द विचर ३' दिला. तो आंद्रे सापकोव्स्की ह्यांच्या पोलिश कथांवर आधारलेला आहे. त्यातील खेडी, चिखल, भुते, म्हाताऱ्यांच्या समजुती स्लाव्ह मातीतल्या आहेत. आणि नायकास कामे मिळतात ती पुष्कळदा खेड्यापाड्यांतील सामान्य माणसांच्या दुःखांतून. बायकोमुलीस दुरावलेल्या त्या दारूड्या जहागीरदाराची कथा ज्याने खेळली आहे तो जहागिरीचे क्षेत्रफळ सांगणार नाही. पोलिश भाषा येत नसलेल्या लक्षावधी लोकांस हे विश्व परके वाटले नाही. स्थानिक असल्याने कृती संकुचित होते, ही भीती ह्या एका खेळाने खोटी ठरविली आहे.

तेव्हा 'मुंबई गलीज'सारख्या खेळाविषयी आमचे प्रश्न नकाशाचे नाहीत. तिकीट-खिडकीवरचा कारकून कोणत्या भाषेत खेकसतो? मासळीवाली गिऱ्हाइकाशी आणि शेजारणीशी एकाच भाषेत बोलते काय? गिरगावात, धारावीत, भेंडीबाजारात बोली बदलते काय, की सर्वत्र चित्रपटांतली तीच एक टपोरी हिंदी? मुंबईत मराठी ऐकू येणे हा अभिमानाचा मुद्दा करण्याची आमची इच्छा नाही. तो अचूकपणाचा मुद्दा आहे. भाषा बदलत नसेल तर रस्ते कितीही खरे असले तरी ते शहर नव्हे, चित्रपटाचा सेट होय.

आगाऊ पैसे आम्ही भरणार नाही, आणि वाचकांनीही भरू नयेत असे सुचवितो. खेळ येऊ द्यावा. आला म्हणजे नायकाने पहिल्याच तासात मोटार पळवून जे काय करावयाचे ते त्याने अवश्य करावे. परंतु एक दिवस, खेळातला पूर्ण एक दिवस, आम्ही त्यास एखाद्या उपनगरी स्टेशनाबाहेर नुसते उभे करून ठेवणार आहोत. सकाळची पहिली गाडी येते का, वडापावची गाडी कोण लावतो, दुपारी तो सावलीत सरकतो का, पाऊस आला तर लोक पळतात की तसेच चालत राहतात, आणि रात्री शेवटची लोकल गेल्यावर स्टोव्ह विझवून तो माणूस कोणत्या दिशेने घरी जातो, हे पाहावयाचे आहे.