खाली न बघणारा नायक

पूर्णगड हे माझं आजोळ. मुचकुंदीची खाडी समुद्राला मिळते तिथे टेकडीवर एक लहानसा किल्ला आहे आणि त्याच्या पायथ्याशी गाव. वर-खाली जायला जांभ्याच्या चिऱ्यांच्या पाखाड्या. मागच्या मे महिन्यात मी त्यातली एक पाखाडी मोजून लॅपटॉपवर उभी केली आणि तिच्यावरून एक पात्र चालवलं. तिथल्या दोन पायऱ्याही एका उंचीच्या नाहीत, तरी त्याचं प्रत्येक पाऊल चिऱ्यावर नीट टेकत होतं. मोठ्या कौतुकाने आजीला दाखवलं. ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हा खाली बघतच नाही रे."

या एका वाक्यामुळे मला आवडलेल्या दोन गेम्सकडे नव्याने बघावं लागलं. पण आधी पाऊल टेकतं कसं, ते सांगायला हवं.

बहुतेक थ्रीडी गेम्समध्ये यंत्राच्या लेखी नायक म्हणजे औषधाच्या गोळीसारखी एक उभी कॅप्सूल असते. आपण बटण दाबलं की खरी सरकते ती कॅप्सूल. माणूस हा तिच्यावर चढवलेला देखावा. त्याची चाल सहसा सपाट जमीन धरून तयार केलेली असते. ती तशीच पायरीवर वापरली तर एक पाय हवेत तरंगतो आणि दुसरा दगडात रुततो. यावरचा उपाय म्हणजे इन्व्हर्स किनेमॅटिक्स, थोडक्यात 'आयके'. यंत्रमानवांच्या हातांसाठीही हेच गणित वापरतात. प्रत्येक पावलापासून खाली एक अदृश्य रेघ सोडायची आणि जमीन किती खोल आहे ते विचारायचं. मांडी आणि नडगी यांची लांबी ठाऊक असते, कंबर ते घोटा हे अंतर कळलं की त्रिकोण पुरा होतो आणि शाळेतल्या कोसाइनच्या नियमाने गुडघा किती वाकवायचा ते निघतं. खालचा पाय पोचत नसेल तर कंबर थोडी उतरवायची. तळवा दगडाच्या उताराप्रमाणे कलता करायचा. हे सगळं सेकंदाला 60 वेळा.

गणित सुंदर आहे. पण त्यातला क्रम बघा. कॅप्सूल आधीच पुढे गेलेली असते; पाय मागाहून सारवासारव करतात. कित्येकदा तर पायऱ्यांखाली गुळगुळीत अदृश्य उतार ठेवलेला असतो आणि कॅप्सूल त्यावरून घसरगुंडीसारखी सरकते. जमिनीला इथे फक्त उंची विचारली जाते, परवानगी नाही.

'राजी: ॲन एन्शन्ट एपिक' हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 2020 मधला गेम. राक्षसांनी पळवलेल्या गोलूला शोधत निघालेली त्याची बहीण राजी, तिच्या पाठीशी दुर्गा आणि विष्णू, राजस्थानी वळणाचे महाल आणि किल्ले. आपल्याकडच्या वास्तूंवर इतकं प्रेम करणारा दुसरा गेम मी खेळलेलो नाही. राजी भिंतीवरून धावते, खांबाभोवती गिरकी घेते. ती सर्कशीतली मुलगी आहे, तिला ते शोभतं. पण कॅमेरा इतका लांब ठेवलेला आहे की तिची पावलं दिसतात न दिसतात. पायऱ्या डोळ्यांना दिसतात, पायाला लागत नाहीत. ज्या किल्ल्याची चढण कुणाला दमवत नाही, त्याची उंची चित्रातलीच राहते. ही चूक एका लहान चमूच्या माथी मारणं योग्य नाही; जवळजवळ सगळा साहसी खेळ याच सवयीवर उभा आहे. तरीही जमीन इतकी देखणी घडवल्यावर तिला काही म्हणू द्यावं, एवढी अपेक्षा मी करतो.

याच्या उलट टोकाला आहे हिदेओ कोजिमांचा 'डेथ स्ट्रँडिंग' (2019). नायक सॅम पाठीवर ओझं घेऊन खडकाळ माळरान तुडवतो. तोल गेला की डावं-उजवं बटण धरून सावरायचं, नदी खोल असेल तर वाहून जायचं, बूट झिजले की बदलायचे. इथे जमीन नकार देते. दोन खडकांमधून वाट काढताना मी खुर्चीत पुढे सरकून बसायचो. मात्र हा गेमही दोन ठिकाणी माघार घेतो. एक म्हणजे त्यातलं यंत्र समोरच्या भूभागावर निळ्या, पिवळ्या, लाल खुणा उमटवतं. थोड्याच वेळात आपण दगड बघायचं सोडून रंग बघायला लागतो. दुसरं म्हणजे पुढे पुढे रस्ते, गाड्या आणि झिपलाइन येतात आणि ज्या चालण्याने गेम वेगळा ठरला, तेच टाळण्यात हुशारी वाटू लागते.

यावर मित्रांचा आक्षेप असतो की, दर पावलाला कोण अडखळेल? गेम मोकळेपणासाठी खेळतात. मान्य. धावपळीच्या गेममध्ये मलाही ठेच नको आहे. पण विषयच किल्ला, घाट किंवा पाखाडी असेल, तर चढण हा आशय आहे. तो काढून टाकून उरतो तो पडदा.

आजीचे गुडघे दुखतात. पाखाडी उतरताना ती एक हात गडग्यावर ठेवते, पुढची पायरी बघते, आणि दोन्ही पाय एका पायरीवर आणल्याशिवाय पुढे जात नाही. पावसाळ्यात शेवाळ धरलं की तीच पायरी तिच्यासाठी वेगळी होते; माझ्या अदृश्य रेघेला मात्र तिची उंची तेवढीच सापडते. शेजारचा मुलगा त्याच पाखाडीवरून दोन-दोन पायऱ्या उड्या मारत जातो. जमीन एकच, पण तिच्याशी चाललेलं बोलणं दोन माणसांचं दोन तऱ्हेचं. माझ्या कोडमध्ये दोघांसाठी एकच गुडघा होता.

परत आल्यावर मी क्रम उलटा करून पाहिला. आधी नजर दोन पायऱ्या पुढे टाकायची, उंचीतला फरक आणि ओल बघून वेग ठरवायचा, मग कॅप्सूल हलवायची. पात्र आता पायऱ्यांपाशी मान खाली घालतं आणि वरून खाली यायला पूर्वीच्या दुप्पट वेळ घेतं. एका मित्राने तीन मिनिटांत कंटाळून कंट्रोलर खाली ठेवला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. हळू चालण्यात रस वाटावा, एवढं माझं काम अजून झालेलं नाही. पण त्याने विचारलेला प्रश्न मला आवडला. पूर्वीच्या आवृत्तीत त्याने फक्त पायांची सफाई वाखाणली होती. या वेळी त्याने विचारलं, "ही वाट आहे कुठली?"