सामानासकट हलके

क्वार्टरमध्ये राहायला येणाऱ्या माणसाला एक गोष्ट लवकर कळते. घर रिकामे कधीच मिळत नाही. आधीच्या बिऱ्हाडाने ठोकलेले खिळे, देवघराची फळी, आणि नक्की कशाचे आहे हे कुणालाच ठाऊक नसलेले एक बटण, हे सगळे चावीबरोबरच पदरात पडते. ऊर्जानगरात माझी बरीच वर्षे गेली. त्या बटणाला मी अजून हात लावलेला नाही. न जाणो, पाचशे मेगावॉटचा सातवा संच बंद पडायचा!

संगणकाच्या बाबतीत मात्र हा शहाणपणा मला टिकवता आला नाही.

आमचा संगणक २०१० सालचा. मेमरी दोन जीबी, आवाज पिठाच्या गिरणीचा. त्यातल्या विंडोज सातची कंपनीकडून होणारी देखभाल १४ जानेवारी २०२० रोजी संपली, आणि नवे विंडोज घालायचे म्हणजे नव्वदीच्या आजोबांना ट्रेकिंगला नेण्यासारखे. भंगारवाला दोनदा चौकशी करून गेला. तेवढ्यात समोरच्या ब्लॉकमधल्या मुलीने मराठी टायपिंगची परीक्षा द्यायचे ठरवले. सरावाला घरी मशीन नाही, परीक्षा दीड महिन्यावर. “काकाजी, तुमचा डब्बा पडूनच तर राहिला आहे,” ती म्हणाली. डबा म्हटलेले सौभाग्यवतीला फार आवडले.

पुण्याच्या भाच्याने फोनवरून सल्ला दिला, “मामा, लुबुंटू टाका. एकदम हलकं.” टाकले. आणि खरोखर, गिरणी पुन्हा सुरू झाली. इथवर लुबुंटूला पैकीच्या पैकी गुण.

मग मी मेनू उघडला. हलके म्हणवणाऱ्या या गृहस्थाने बरोबर केवढे सामान आणले होते! पत्रे लिहिण्याचे, हिशेबाचे आणि भाषणाची चित्रे दाखवण्याचे असे अख्खे लिब्रेऑफिस. सिनेमे बघायला व्हीएलसी. आमच्याकडे नसलेल्या स्कॅनरवरून कागद उतरवून घेणारा एक प्रोग्रॅम. ‘दोन दिवसांसाठी आलोय’ म्हणणारा पाहुणा तीन ट्रंका आणि होल्डॉल घेऊन उतरावा, तसे मला झाले.

या पाहुण्याचा पूर्वेतिहास थोडा सांगायला हवा. २०११ च्या ऑक्टोबरात लुबुंटू उबुंटूच्या घराण्यात अधिकृतपणे दाखल झाला, तेव्हा जुन्या मशीनवर चालणे हाच त्याचा धर्म होता. २०१८ साली मंडळींनी जाहीर केले की आता जुनी यंत्रे हे आमचे मुख्य लक्ष्य नाही. पुढे ३२ बिटांच्या मशीनसाठीच्या आवृत्त्याही बंद झाल्या. म्हणजे तालमीत जाणारा मुलगा लग्नानंतर जसा सुटतो, तसेच काहीसे. नाव मात्र अजून पैलवानाचेच आहे.

तर मी सफाईला लागलो. पहिलाच प्रोग्रॅम काढायला गेलो आणि यंत्राने विचारले, याबरोबर ‘लुबुंटू-डेस्कटॉप’ही काढू का? माझे हातपाय गार पडले. चंद्रपूरच्या मे महिन्यात हातपाय गार पडणे ही साधी गोष्ट नव्हे. भाच्याने समजावले : ही नुसती यादी असते. तिच्या पोटात प्रोग्रॅम नसतात, कुणाकुणाला घरात घ्यायचे त्यांची फक्त नावे असतात. यादी गेली म्हणून घर पडत नाही. पण त्यानंतर ‘ऑटोरिमूव्ह’ म्हटले, की ज्यांच्यावर आता कुणाचाच हक्क उरला नाही, असे सगळे बाहेर काढले जातात. आजीमुळे घरात राहणारे दूरचे काका, आणि काकांमुळे राहणारा त्यांचा भाचा. आजी गेल्या, सगळ्यांना नोटीस! “मामा, वाय दाबण्याआधी यादी वाचा,” तो ओरडला. स्वतः भाचा असल्यामुळे त्याला ते लागले असावे.

मी वाचली. वाचून थांबलो असतो तर हा लेख झाला नसता. मला दिसले की आपल्या मशीनवर परक्या लिपींच्या अक्षरांचे ढीग आहेत. थाई कोण वाचणार ऊर्जानगरात? मी ‘नोटो’ नावाचे जे दिसले ते काढले. त्या ओघात ‘लोहित’ही काढला, नाव ऐकून मला तो आसामचा वाटला.

संध्याकाळी मुलगी सरावाला बसली. “काकाजी, मराठी दिसूनच नाही राहिली.” पाहतो तो पडद्यावर रिकाम्या चौकटींची रांग. परीक्षेला अठरा दिवस, आणि मी देवनागरीच घराबाहेर काढलेली! या चौकटींना संगणकवाले टोफू म्हणतात, आणि टोफू दिसू नये म्हणून ‘नो टोफू’वरून ‘नोटो’ हे नाव ठेवले, हे ज्ञान मला रात्री साडेअकराला झाले. फाँट परत आणून चौकटींची अक्षरे होईपर्यंत ती पोर खुर्चीतून उठली नाही. मला एका शब्दाने बोललीही नाही, हे जास्त लागले.

एवढे करून फायदा किती? मेमरी मोजली. सफाईआधी रिकाम्या पडद्याला पाचशे एमबीच्या आसपास लागत होती. सफाईनंतरही तेवढीच. माळ्यावरचा पितळी हंडा जागा अडवतो, पण पंगतीला बसत नाही. न उघडलेला प्रोग्रॅम डिस्कवर निजलेला असतो. तो काढल्याने डिस्क मोकळी होते, चाल सुधारत नाही. पंगतीला बसतात ते न बोलावता आपोआप सुरू होणारे : ब्लूटूथ, छपाईची सेवा, नव्या आवृत्तीची दवंडी पिटणारा. ते चार बंद केले तर थोडा उजेड पडतो. आणि खरा खादाड ब्राउझर. फायरफॉक्स आता ‘स्नॅप’ नावाच्या बंद पेटीतून येतो; जुन्या हार्डडिस्कवर ती पेटी पहिल्यांदा उघडेपर्यंत चहा होतो. त्यात आजची एखादी वर्तमानपत्राची साइट उघडली, की हलक्या सिस्टीमचा सगळा हलकेपणा त्या एका पानात बुडतो. याचा दोष मी लुबुंटूला देणार नाही.

दोष द्यायचा तर वेगळ्या गोष्टीचा. २०२४ च्या एप्रिलमधल्या आवृत्तीत बसवतानाच तीन पर्याय विचारतात : पूर्ण, साधारण, किमान. मला कळले ते नंतर, कारण मी ‘पुढे, पुढे, पुढे’ करत गेलो होतो. पण ‘किमान’ निवडले तर स्नॅप जातो, आणि त्याबरोबर ब्राउझरही. ज्याला पाटीकोरे घर हवे त्याने विहीरही स्वतःच खणावी, असा हिशेब. जाणकाराला ठीक, पण जुने मशीन ज्यांच्या घरी उरलेले असते, ते बहुधा जाणकार नसतात. अधेमधे एक चौथा पर्याय, ब्राउझर आणि एक लिहायचे पान एवढाच, का नसावा? इन्स्क्रिप्टवर ‘क’ शोधणाऱ्या मुलीला आणखी काय लागते?

काढलेले सामान मी एकेक करून परत बसवले. हिशेबाचा प्रोग्रॅम आता सौभाग्यवती वापरते. स्कॅनरवालाही आहे, घरात स्कॅनर नसला तरी. मुलगी रोज साडेपाचला येते, मिनिटाला बावीस शब्दांवर पोहोचली आहे, तीस हवेत. काल मध्येच थांबून तिने भिंतीकडे बोट केले, “काकाजी, हे बटण कशाचं आहे?”

मी तिला घाईघाईने पुढचा परिच्छेद टाइप करायला सांगितला.