भीती आणि मेहेरबानी : ग्रॉसमन यांची 'लाइफ अँड फेट'

'स्टालिन होता म्हणून रशिया वाचला' हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलंय, की ते तपासून पाहायचं आपण विसरलोच आहोत. वासिली ग्रॉसमन यांची 'लाइफ अँड फेट' ही कादंबरी ते तपासते. ग्रॉसमन स्टालिनग्राडच्या लढाईत लष्करी दैनिकाचे वार्ताहर होते. १९४१ मध्ये बर्दिचेव्हला नाझींनी त्यांच्या आईची हत्या केली. तेव्हा शत्रू कोण, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

कादंबरीत एका वेढलेल्या इमारतीतले सैनिक जिवावर उदार होऊन लढतात आणि मोकळेपणानं बोलतात. पक्षाला खुपतं ते हे बोलणं. तिथे लगेच कमिसार धाडला जातो. पण आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते ती भौतिकशास्त्रज्ञ श्त्रुमची कथा. दडपण येतं तेव्हा तो जाहीर पश्चात्तापाला नकार देतो. मग खुद्द स्टालिनचा फोन येतो, मानमरातब परत मिळतो. आणि त्यानंतर हाच माणूस एका खोट्या पत्रावर सही करतो. भीतीला जे जमलं नाही, ते मेहेरबानीनं साधलं! श्त्रुमला लेखक झोडपत नाही, त्याची बाजूही घेत नाही. इथे कादंबरी प्रचाराच्या पलीकडे जाते.

१९६१ मध्ये केजीबीनं हस्तलिखित जप्त केलं, टाइपरायटरच्या फितीसुद्धा नेल्या. ग्रॉसमन १९६४ मध्ये गेले. सोव्हिएत वाचकांना कादंबरी मिळाली ती १९८८ मध्ये. लढले लोक, विजय मात्र सत्तेनं आपल्या नावावर करून घेतला, आणि त्याचा हिशेब मागणारं पुस्तक तिनं कुलपात ठेवलं.