मुरणं आणि नासणं

इंदापूरच्या बाजूला द्राक्षाला वय नसतं. मणी भरला, गोडी उतरली की तोड, तोड झाली की पेटी आणि पेटी रात्रीच्या गाडीत. दोन दिवस जास्त राहिलेला घड म्हणजे नुकसान. अशा गावात वाढलेल्या मला ‘वाइन जितकी जुनी तितकी चांगली’ ही श्रीमंतांची हौस वाटायची.

मत बदललं ते दोन बाटल्यांमुळे. दोन्ही एकाच वाइनच्या होत्या: बोर्दोच्या मेदोक भागातलं सँ-ज्युलियाँ, साल 1996. मावसभावाने आणलेल्या. एक त्याने पुण्यात वाइनच्या थंड कपाटात आडवी ठेवली. दुसरी माझ्या बारामतीच्या घरी माळ्यावर राहिली, चार उन्हाळे. गेल्या थंडीत इंदापूरला, मामांच्या शेतातल्या घरी आम्ही दोन्ही एकाच संध्याकाळी उघडल्या.

आधी पुण्याची. गाळ तळाशी बसावा म्हणून ती आदल्या दिवसापासून उभी ठेवली होती. काचेच्या भांड्यात हळूहळू ओतली आणि गाळ मानेशी येताच थांबलो. रंग मधोमध माणकासारखा, कडेला विटकरी. वास आधी आलाच नाही. दहा मिनिटांनी आला तो पेन्सिल तासताना येतो तसा, मग तंबाखूच्या सुक्या पानाचा, मग जुन्या लाकडी कपाटाचा. फळ होतं, पण खूप मागे, सुकलेल्या जांभळासारखं.

मामांनी एक घोट घेतला. “ह्यात द्राक्ष कुठंय रे?”

मला हा शेरा फार नेमका वाटला. कॅबर्ने सोव्हिन्याँ या जातीचा मणी बारीक, साल जाड. हिरड्यात, कच्च्या केळ्यात, कडक चहात असतो तसला तुरटपणा या सालीतून वाइनमध्ये येतो आणि कोवळ्या वाइनमध्ये तोंड आवळून टाकतो. बाटलीत वर्षं जातात तसे हे टॅनिन आणि रंगाचे कण एकमेकांना चिकटतात, जड होतात, गाळ होऊन खाली बसतात. ताज्या फळाचा वास ओसरतो, दुसरे वास वर येतात. मामांनी तळाचा गाळ बोटावर घेऊन जिभेला लावला. “हे बघ, इथं खाली बसलंय,” म्हणाले.

मग बारामतीची. बूच थोडं वर सरकलेलं. रंग तपकिरी, वास शिजवलेल्या मनुकांचा, चव सपाट, शेवटी आंबूस. सालही तेच, वयही तेच.

म्हणून ‘जुनी’ हे विशेषण वाइनच्या परीक्षणात निरुपयोगी आहे. आपल्याकडे त्याहून चांगला शब्द आहे: मुरणं. लोणचं मुरतं, आणि बरणी नीट राखली नाही तर त्याच दिवसांत नासतंही. मुरण्यात राखण धरलेलीच असते. आपले वाइनवर लिहिणारे ब्लॅककरंट आणि सीडर उसने आणतात, हा घरचा शब्द मात्र वापरत नाहीत.

पाटस–बारामती रस्त्यावर रोटीला फ्रेंच शातोच्या धाटणीची वायनरी उभी राहिली. इंदापूरहून नीरा ओलांडली की अकलूजकडे फ्रातेल्लीने सान्जोव्हेजे आणि कॅबर्नेची ‘सेत्ते’ काढली, 2009च्या हंगामापासून. इमारतीची धाटणी आणता येते, ओकची पिंपंही आणता येतात. हवा आणता येत नाही. बोर्दोत तोडणी उन्हाळा सरताना होते, आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऊन चढत असताना. उष्णतेत साखर भराभर वाढते आणि आम्ल उतरतं, आणि लाल वाइनचं आयुष्य टॅनिनइतकंच आम्लावर अवलंबून असतं. इथली प्रत्येक रेड वीस वर्षं टिकेल, असं म्हणणं खोटेपणाच ठरेल.

पण ‘भारतीय रेड वाइन लगेच पिऊन टाकायची असते’ हे मत तरी कशावर बेतलेलं आहे? एखादी बाटली उन्हाळाभर गरम फळीवर किंवा माझ्यासारख्याच्या माळ्यावर राहिली, तर तिची चव फळीबद्दल सांगते, वाइनबद्दल नाही. माळ्यावरची एकच बाटली उघडली असती, तर मी सँ-ज्युलियाँलाही नापास केलं असतं. बाटली कुठे आणि किती अंशांना राहिली, हे न विचारता दिलेला निकाल मी आता मानत नाही, माझाही नाही.

अकलूजच्या तीन बाटल्या मावसभावाच्या कपाटात आडव्या ठेवल्या आहेत, 13 अंशांना. पहिली पाच वर्षांनी उघडायची, मामांसमोर. तोवर त्यांच्याबद्दल मत देणार नाही.