बेळ्ळंदूरचा आकडा

बेळ्ळंदूरचा पिनकोड ५६०१०३. रिंगरोडलगतच्या सोसायट्यांतली मराठी कुटुंबं तो कुरिअरच्या पत्त्यात आणि बँकेच्या अर्जात सारखा लिहितात. ५६० म्हणजे बेंगळुरू, १०३ म्हणजे इथलं टपाल कार्यालय. ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकरांची, १५ ऑगस्ट १९७२ पासूनची. टपालखात्याचं वाचन इथे संपतं. मला मात्र हा आकडा देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या डोळ्यांनी वाचायचा आहे.

अवयव पाडले तर हाती फारसं लागत नाही: ३ गुणिले १८६७०१, आणि १८६७०१ मूळ संख्या. अंकांची बेरीज १५. तिने भाग जात नाही, म्हणून कापरेकरांच्या हर्षद संख्यांतही जागा नाही.

खरा रस पुढे आहे. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते. जिला असा जनकच नाही, ती स्वयंभू. कापरेकरांनी तिला देवळाली संख्याही म्हटलं. आपली ५६०१०३ स्वयंभू नाही. तिला एकच जनक, ५६००८२. त्याच्यामागे ५६००५८, हे पीण्या. मग ५६००३७, शेजारचं मारतहळ्ळी! त्याआधी ५६००२२ यशवंतपूर आणि ५६००१० राजाजीनगर. राजाजीनगरच्या अंकांची बेरीज १२, ती मिळवा, यशवंतपूर येतं. यशवंतपूरची १५ मिळवा, मारतहळ्ळी. तिथली २१ मिळवा, पीण्या. क्रमांक वाटताना अंकांच्या बेरजा कुणी पाहिल्या नसणार. लहान पल्ल्यात अशा साखळ्या जमतात, हेही खरं. तरी शहराच्या नकाशावर एवढ्या अंतरावरची ही ठाणी साध्या बेरजेने एका वंशात यावीत, याचा मला मनापासून आनंद होतो.

आता कापरेकरांची प्रसिद्ध वजाबाकी: अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची आणि उत्तरावर तेच पुन्हा करायचं. चार अंकांत सगळे अंक सारखे नसले, की वाट ६१७४ वर संपते. सहा अंकांत तसं नाही. ६५३१०० वजा १३५६ बरोबर ६५१७४४, मग ६२०८७४, मग ८५१७४२, आणि तिथून चक्र सुरू: ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६, पुन्हा ८५१७४२. सात संख्यांचा फेरा. मला तो ६१७४ पेक्षा सुंदर वाटतो, कारण इथे प्रवास थांबत नाही आणि भरकटतही नाही. सातांपैकी कुणाचेही अंक मिळवा, २७ च येतात.

बेळ्ळंदूर स्वतः त्या फेऱ्यात कधीच परतत नाही, आणि कारण साधं आहे. त्याच अंकांच्या दोन मांडण्यांतला फरक नेहमी ९ ने भागला जातो. ५६०१०३ ला ९ ने भागलं तर ६ उरतात. ती बाकी पहिल्याच वजाबाकीत नाहीशी होते.