जलद जुळवणी आणि विश्वसनीय जुळवणी : 'व्हॉक्सेलमॉर्फ' पद्धतीचे परीक्षण

कर्करोगावरील विकिरणोपचार बहुधा अनेक आठवडे चालतात. या काळात गाठ आक्रसते, रुग्णाचे वजन घटते, मूत्राशय रोज कमी-अधिक भरते. म्हणून आधीचा व नंतरचा स्कॅन एकमेकांवर बसवून कोणत्या ऊतीला किती मात्रा पोहोचली, याचा हिशेब मांडावा लागतो. ही जुळवणी डीप लर्निंगने करण्याच्या प्रयत्नांत बालकृष्णन, डाल्का आणि सहकाऱ्यांचा 2019 चा 'व्हॉक्सेलमॉर्फ' हा शोधनिबंध पायाभूत मानला जातो. त्याचे मोल आणि मर्यादा तपासणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

जुन्या पद्धतीत प्रत्येक जोडीसाठी गणित नव्याने सोडवावे लागे. येथे जाळे एकदाच शिकते आणि नव्या जोडीचे विस्थापन क्षणात सांगते. शिकण्यासाठी तज्ज्ञांनी दिलेले उत्तर लागत नाही. दोन प्रतिमांतील साम्य वाढावे आणि विस्थापन सुरळीत राहावे, एवढ्या दोन अटी पुरतात. मेंदूच्या एमआरआयवर या पद्धतीने प्रस्थापित 'अँट्स' प्रणालीइतकीच अचूकता गाठली, तीही तासांऐवजी एका सेकंदाच्या आत. हे यश निर्विवाद आहे.

प्रश्न पुढे उभा राहतो. मेंदू कवटीत स्थिर असतो. पोटातील अवयवांचे तसे नाही. फुप्फुस छातीच्या भिंतीवर घसरते, तेथे सुरळीतपणाची अट वास्तवाशी विसंगत ठरते. गाठ विरघळली, तर नाहीशा झालेल्या ऊतीची जोडी दुसऱ्या स्कॅनमध्ये शोधायची कोठे?

मोजमापाचाही प्रश्न आहे. रोल्फिंग यांनी 2012 मध्ये मुद्दाम एक निरुपयोगी जुळवणी साधन रचले. शरीररचनेकडे न पाहता ते केवळ तीव्रतेच्या क्रमाने बिंदू मांडत असे. तरीही साम्य व ऊतींची व्याप्ती यांत त्याला जवळजवळ पूर्ण गुण मिळाले. व्हॉक्सेलमॉर्फच्या लेखकांनी स्वतंत्र शारीरिक रचनांची व्याप्ती मोजली, म्हणून हा आक्षेप त्यांना जसाच्या तसा लागू होत नाही. परंतु यकृताची कड जुळली म्हणजे यकृताच्या आतला बिंदूही जुळला, असे सिद्ध होत नाही. मात्रेचा हिशेब तर त्या आतल्या बिंदूचाच असतो.

मूळ लेखकांनी विकिरणोपचाराचा दावा केलेला नाही. दोष आहे तो त्यांचे आकडे तेथे सरसकट लावण्यात. अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने 2017 च्या अहवालात खुणेच्या बिंदूंतील अंतर, ऊतीला अशक्य अशी घडी पडली का याची तपासणी आणि प्रत्येक रुग्णाची प्रत्यक्ष पाहणी यांवर भर दिला आहे. 'डीआयआर-लॅब'च्या संग्रहात दहा रुग्णांच्या छातीच्या स्कॅनवर प्रत्येकी 300 बिंदू तज्ज्ञांनी जुळवलेले आहेत. नव्या पद्धतींची कसोटी अशा ठिकाणी लागावी.

सारांश, यंत्राने वाचवलेले तास पडताळणीसाठी वापरले, तरच ही गती रुग्णाच्या उपयोगाची. अन्यथा चूक तेवढी अधिक लवकर होईल.