‘व्हायोलिन गातं’ ही स्तुती आहे का?

श्रोतेहो, आज आम्ही वाद्याबद्दल बोलणार आहोत. तत्त्वज्ञानाच्या माणसाने वाद्यावर काय बोलायचं, असं तुम्ही म्हणाल. पण ज्या वाक्याची आज आम्ही चिरफाड करणार आहोत, ते वाक्य मुळात तत्त्वज्ञानाचंच आहे. उमरेडात काय, नागपुरात काय, मैफल संपली की लोक म्हणतात, ‘वा! व्हायोलिन अगदी गळ्यासारखं गायलं!’ ही स्तुती खरंच स्तुती आहे का?

उदाहरण घेऊ पं. दा. के. दातार यांचं. जन्म १९३२चा, कुरुंदवाडचा. घरात विष्णु दिगंबर पलुस्करांच्या परंपरेचं वातावरण. व्हायोलिनची तालीम विघ्नेश्वर शास्त्री यांच्याकडे. आणि मग नात्यातल्याच पं. द. वि. पलुस्करांची साथ. ही साथ म्हणजे दातारांचं दुसरं विद्यापीठ, असं आम्ही समजतो. साथीदाराचं काम कसं असतं बघा. गायक काय घेणार हे आधी कळत नाही, आणि कळल्यावर उशीर करून चालत नाही. गायकाच्या मागून अर्ध्या क्षणाने जायचं, त्याची जागा उचलायची, पण त्याच्या पुढे जायचं नाही. पलुस्कर १९५५ साली, ऐन चौतिशीत गेले. दातार तेव्हा २३ वर्षांचे होते. ज्या आवाजामागून जायचं, तो आवाजच थांबला.

आता आमचा मूळ प्रश्न. यानंतर दातार स्वतंत्र वादक म्हणून वाजवायला बसले, तेव्हा ते कोणाचं अनुकरण करत होते?

आपल्या काव्यशास्त्रात हा वाद हजार वर्षांपूर्वीचा आहे. श्रीशंकुक म्हणाला, नट रामाचं अनुकरण करतो. चित्रातला घोडा पाहून आपण ‘हा घोडा’ म्हणतो, तसं काहीसं. त्यावर भट्टतौत आणि त्यांचे शिष्य अभिनवगुप्त यांनी आक्षेप घेतला. अनुकरण करायचं तर मूळ पाहिलेलं हवं ना? नटाने राम पाहिलाय कुठे? प्रेक्षकाने तरी कुठे पाहिलाय? मूळच समोर नसताना नक्कल कशाची? आक्षेप साधा आहे, पण तो टाळता येत नाही.

तोच आक्षेप व्हायोलिनला लावा. साथीत मूळ समोर बसलेलं असतं, तिथे अनुकरण शब्द चालेल. एकल वादनात समोर कोणीच गात नाही. तिथे जे उभं राहतं तो राग. गायक गळ्यातून राग मांडतो, वादक गजातून. दोघांचाही धनी एकच. म्हणून एकाला मूळ आणि दुसऱ्याला प्रत म्हणणं आम्हाला पटत नाही.

कोणी म्हणेल, ‘सर, पण शैली तर गायकीचीच ना?’ हो, गायकीचीच. पण शिष्य गुरूच्या शैलीत गातो तेव्हा आपण त्याला नकलाकार म्हणत नाही. तालमीतून आलेलं अंग आणि नक्कल यांत फरक आहे. नक्कल परिणाम उचलते, तालीम त्यामागची शिस्त उचलते. दातारांच्या आलापात सूर आधी ठरतो, मग हलतो. मींड लांब असते, पण दिखाऊ नसते. हे पलुस्करांच्या गाण्याचं संयमाचं व्रत आहे, त्यांच्या आवाजाची चोरी नव्हे.

शरीराचीही यात मोठी भूमिका आहे. पाश्चात्त्य वादक व्हायोलिन हनुवटीखाली धरतो. आपला वादक मांडी घालून बसतो, वाद्याचं एक टोक छाती-खांद्याशी आणि दुसरं पायाच्या घोट्यावर टेकवतो. वाद्य पेलण्याची जबाबदारी डाव्या हाताकडून गेली की तो तारेवर मोकळा सरकतो. पडदे तर नाहीतच. बैठक बदलली म्हणून मींड आली.

असंच काहीसं युरोपात चेलोबाबत घडलं. चेलो हे मुख्यतः खालच्या सुरांचा आधार देणारं, साथीचं वाद्य. स्पेनच्या कातालोनिया प्रांतातल्या पाब्लो कासाल्सच्या लहानपणी विद्यार्थ्यांना काखेत पुस्तक धरून गज ओढायला शिकवत, हात अंगाशी राहावा म्हणून. कासाल्सने तो हात मोकळा केला. तेरा वर्षांचा असताना बार्सिलोनातल्या दुकानात त्याला बाखच्या एकट्या चेलोसाठी लिहिलेल्या रचना सापडल्या. त्यांवर बारा वर्षं मेहनत केली आणि मगच त्यातली एक लोकांसमोर वाजवली. साथीचं वाद्य एकटं बसायला शिकतं तेव्हा इतका काळ लागतो. आमच्याकडे आता दोन परीक्षा झाल्या की कार्यक्रम ठरतो, हेही सांगून ठेवतो.

आता दातारांच्या वाटेची मर्यादा. गायकीत शब्द असतो. बंदिशीचा मुखडा शब्दाच्या वजनावर येतो. गज बदलून अक्षराचा आघात सुचवता येतो, पण शब्द येत नाही. म्हणून केवळ गायकीवर राहिलेलं वादन द्रुतात कधी कधी उणं वाटतं. इथे पं. वि. गो. जोगांनी दुसरी वाट घेतली. लयकारी, गजाचे तुटक आघात, बिस्मिल्ला खाँसाहेबांबरोबरची जुगलबंदी. व्हायोलिन हे वाद्य आहे याचा त्यांनी संकोच केला नाही. मात्र लयीचा खेळ रंगला की स्वराचा विसावा कमी होतो, ही त्या वाटेची किंमत. जोग ऐकताना आपण सम शोधतो, दातार ऐकताना षड्ज. आमचा कल दातारांकडे आहे, पण जोगांशिवाय हा प्रश्नच पुरता उभा राहिला नसता.

मग यात अडलंय काय? अडलंय ते असं, की ‘गळ्यासारखं’ एवढंच मोजमाप आपल्या हाती असेल, तर वाद्य कायमचं दुय्यम राहील. शिकणाऱ्या मुलालाही वाटेल की आपण गाऊ शकलो नाही म्हणून वाजवतो. दातारांना १९९५ला संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, २००४ला पद्मश्री. २०१८ साली ते गेले. सन्मान झाले, पण त्यांच्या गजाची समीक्षा किती झाली? गज कुठे बदलला, दाब कुठे कमी केला, तार सोडताना आस किती ठेवली, यावर बोलायला आपल्या भाषेत शब्द आहेत. आपण ते वापरत नाही.

तेव्हा घरी जाऊन एखादं ध्वनिमुद्रण लावा. कोणासारखं वाजतंय हे पाच मिनिटं विचारू नका. फक्त गजाकडे कान ठेवा. मग ‘गातं’ म्हणावंसं वाटलं तर खुशाल म्हणा. तेव्हा ती खरी स्तुती असेल.